कुंपणाखालचा बाळ येशू

लग्न लावणे हा आम्हा धर्मगुरूंच्या नित्यकर्माचाच एक भाग. आगमनकाळ आणि उपवासकाळ सोडला, तर मुंबईच्या उपनगरांतील चर्चमध्ये लग्नाविना शनिवार क्वचितच जातो. वधूवरांची कागदपत्रे तपासावीत, रविवारी घोषणा वाचाव्यात, ठरल्या वेळी वेदीपुढे उभे राहावे, रजिस्टरवर सह्या घ्याव्यात आणि पुढच्या लग्नासाठी फुले बदलायला सांगावीत. मेजवानीला गेलोच, तर केक कापेपर्यंत थांबून 'फादरना उद्या पहाटेची मिस्सा आहे' या सबबीवर निघून यावे. एखाद्या लग्नघरी मुक्कामाला राहून चहाच्या कपांपासून रुसव्याफुगव्यांपर्यंत सारे आतून पाहण्याचा योग दीक्षेनंतर मला कधी आलाच नव्हता. तो आला ऑगस्ट २०२३ मध्ये, आणि तोही आयर्लंडमध्ये.

अंधेरीच्या मरोळ गावठाणातील माझा एक बालमित्र आहे. आम्ही एका बाकावर बसून शिकलो. पुढे मी गोरेगावच्या सेमिनरीत गेलो आणि तो एका कारखान्यात लागला. त्याची मुलगी परिचारिका होऊन आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो परगण्यात एका रुग्णालयात नोकरीला गेली आणि सहा वर्षांनी तिने तिथलाच मुलगा पसंत केला. मुलगा शेतकऱ्याच्या घरचा, शाळेत शिक्षक. 'मुलगा कॅथलिक आहे' एवढे कळल्यावर वहिनी निश्चिंत झाल्या. माझा मित्र मात्र झाला नाही. त्याने बराच शोध घेतला होता. आयर्लंडच्या २०१६ च्या जनगणनेत शंभरातील एकोणऐंशी लोकांनी स्वतःला कॅथलिक म्हटले होते. २०२२ च्या जनगणनेत एकोणसत्तर उरले. ज्या देशाने १९९५ मध्ये जेमतेम बहुमताने घटस्फोटाला वाट करून दिली, त्याच देशाने २०१८ मध्ये गर्भपाताच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. "एक नावाचा कॅथलिक असतो आणि एक गावाचा," मित्र म्हणाला. "हा कुठला, ते मला कळत नाही. तू चल आमच्याबरोबर. प्रवचन तू कर. त्या लोकांना चार शब्द ऐकव."

ही कामगिरी मला आवडली, हे कबूल केले पाहिजे. मी चार पाने टंकलिखित करून घेतली. १८४१ मध्ये आयर्लंडच्या लोरेटो भगिनी कलकत्त्यास आल्या, १८४२ मध्ये प्रेझेंटेशन भगिनी मद्रासला उतरल्या. १९२८ मध्ये स्कोपिए गावची एक अठरा वर्षांची मुलगी डब्लिनजवळच्या राथफार्नहॅम येथील लोरेटो मठात दाखल झाली आणि तेथून भारतात आली. तिला जग पुढे मदर तेरेसा म्हणून ओळखू लागले. ज्यांनी आम्हांला श्रद्धेचे दान दिले त्यांच्या दारी आज आम्ही ते दान परत घेऊन आलो आहोत, असा माझ्या प्रवचनाचा रोख होता. शेवटची दोन वाक्ये तर मी पाठच केली होती.

मित्राची आई, आमची मावशी, ब्याऐंशी वर्षांची. तीही यायला निघाली. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, त्यामुळे सोरपोतेल मरोळलाच राहिले. पण बाटली मसाल्याच्या दोन बाटल्या लुगड्यांच्या घड्यांत बसून निघाल्या. आयर्लंडचा व्हिसा इंग्लंडहून निराळा आणि उर्वरित युरोपाहूनही निराळा, हे शिकण्यात आमचा एक महिना गेला. मावशीची चिंता वेगळीच होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचे पाणी आणायचे असते; ते परक्या मुलखात कुठल्या विहिरीतून आणायचे? मरोळच्या विहिरींवर आता फरशा पडल्या आहेत. तरीही नातीचे लग्न नळाच्या पाण्यावर व्हावे, हे तिला पटेना.

वहिनींच्या मनातील हुरहुर घालवण्यासाठी मित्राने वाटेत वराडकरांची गोष्ट सांगितली. त्या वेळी लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान होते. मूळ गाव सिंधुदुर्गातील मालवण तालुक्यातले वराड. वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे. आई मिरियम वॉटरफर्ड परगण्यातील डंगार्व्हन गावची परिचारिका. १९६० च्या दशकात दोघे इंग्लंडमध्ये नोकरी करत असताना भेटले. वडील हिंदू, आई कॅथलिक, मुलांना वळण आईच्या धर्माचे. २०१७ मध्ये मुलगा प्रथम पंतप्रधान झाला आणि २०१९ च्या डिसेंबरात आजोबांचे गाव पाहायला वराडला आला. "तिथे नवरा मराठी आणि नर्स आयरिश होती, आपल्याकडे नर्स मराठी आहे, एवढाच फरक," मित्र म्हणाला. वहिनी हसल्या. मात्र आपल्या नातवाने पंतप्रधान होण्यापेक्षा जवळपास राहावे, असे त्यांचे मत पडले.

अबुधाबी, मग डब्लिन, मग आगगाडीने तीन तासांहून अधिक प्रवास. खिडकीबाहेर हिरवी कुरणे, दगडी बांध, मेंढ्या आणि पाऊस. त्या वर्षीचा जुलै हा आयर्लंडच्या नोंदींतील सर्वांत पावसाळी जुलै ठरला होता, आणि ऑगस्टनेही काही हात आखडता घेतला नव्हता. मुंबईच्या पावसात वाढलेल्या आम्हांला त्याचे काय! पण आमचा पाऊस कोसळतो आणि थांबतो; तिकडचा रेंगाळतो.

नवरदेवाच्या आजीबाईंचे जुने घर आमच्यासाठी मोकळे केले होते. शेजारच्या नव्या घरात व्याही राहत. व्याह्यांनी आमचे स्वागत इतके अगत्याने केले की वहिनींचे डोळे भरून आले. आजीबाई मावशीच्याच वयाच्या, ताठ आणि अबोल. मी नमस्काराचे शब्द उच्चारून हात पुढे केला. त्यांनी माझ्या कॉलरकडे पाहिले, मान किंचित हलवली आणि किटली चुलीवर ठेवायला वळल्या. वय झाले की माणसे अशी होतात, असे मी मनाशी म्हटले.

लग्न बॅलिनटबर ॲबी या प्राचीन चर्चमध्ये व्हायचे होते. १२१६ मध्ये तेथील राजा कॅथल ओ'कॉनर याने ते बांधवले. १६५३ मध्ये क्रॉमवेलच्या सैनिकांनी ते जाळले, छप्पर कोसळले. परंतु भाविक तेथे येतच राहिले. कॅथलिकांवर निर्बंध लादणाऱ्या कायद्यांच्या काळातही उघड्या आभाळाखाली, भिंतींच्या आडोशाने, पावसात भिजत मिस्सा होत राहिली. १९६६ मध्ये साडेसातशे वर्षे पूर्ण होताना मुख्य दालनावर पुन्हा छप्पर चढले. नवरदेवाचे वडील आम्हांला हे दाखवत असता मला सीप्झच्या आवारातील आपल्या संत योहानाच्या चर्चची आठवण झाली. तेही सोळाव्या शतकातले. १८४० च्या सुमारास साथीमुळे गाव उठले, लोक मरोळला आले आणि मागे राहिलेल्या भिंतींवर पिंपळ उगवले. पितापुत्रांच्या दोन दगडी वास्तू. एकीवर छप्पर आले, एकीवर झाड. मी हे व्याह्यांना सांगितले. त्यांनी बराच वेळ विचार करून विचारले, "झाड चांगले आहे का?" शेतकरी तो शेतकरीच.

बॅलिनटबर या नावाचा अर्थ आम्हांला तेथेच कळला. मूळ आयरिश नाव 'बॅले टोबर फॉड्रिग', म्हणजे पॅट्रिकच्या विहिरीचे गाव. संत पॅट्रिकने येथील झऱ्यावर लोकांना बाप्तिस्मा दिला, अशी परंपरा आहे. येथूनच क्रो पॅट्रिक या पवित्र डोंगराकडे सुमारे पस्तीस किलोमीटरची जुनी यात्रेची वाट जाते. विहीर हा शब्द नातीने भाषांतर करून सांगताच मावशी थबकली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले, ते मी कैक प्रवचने करूनही कुणाच्या चेहऱ्यावर उमटवू शकलेलो नाही. त्या संध्याकाळी बँडबाजाऐवजी नवरदेवाच्या चुलतभावाची बासरी वाजली, वहिनींनी आणि व्याहीणबाईंनी मिळून कळशी धरली (खरे म्हणजे दुधाची किटली) आणि संत पॅट्रिकच्या विहिरीचे पाणी उंबराचे पाणी म्हणून घरी आले. पाण्यात काही बिघाड नसेल ना, अशी शंका परिचारिका असलेल्या नवरीने काढली. ती कुणी मनावर घेतली नाही.

त्या रात्री व्याहीणबाईंनी आणखी एक गोष्ट केली. कपाटातून एक हातभर उंचीची मूर्ती काढली: लाल झगा, डोक्यावर मुकुट, एका हातात पृथ्वीचा गोल. मावशीने पाहताक्षणी कपाळावर क्रूस केला. नाशिकरोडचा बाळ येशू! दर फेब्रुवारीत ज्याच्या यात्रेला आपली गावठाणे रिकामी होतात, तोच. प्रागच्या कार्मेल मठाला एका सरदारपत्नीने १६२८ मध्ये दिलेल्या मूर्तीची ही रूपे जगभर गेली आहेत. आयर्लंडमध्ये त्याच्याकडे एक विशेष खाते सोपवलेले आहे, ते हवामानाचे. लग्नाच्या आदल्या रात्री बाळ येशूला अंगणातल्या कुंपणाच्या झुडपाखाली ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ राहते. व्याहीणबाईंच्या मूर्तीची मान एकदा तुटून चिकटवलेली होती. आपोआप तुटली असेल तर गुण अधिक येतो, असे त्या गंभीरपणे म्हणाल्या. या प्रथेबद्दल ईशज्ञानाच्या दृष्टीने काय म्हणावे, हे मला कुणी विचारले नाही, आणि मीही गप्प राहिलो. मात्र या बेताची कल्पना मावशीला द्यायची राहून गेली. ती दमून आधीच झोपली होती.

पहाटे पाचच्या सुमारास प्रहरप्रार्थनेसाठी उठलो तो स्वयंपाकघरात दिवा दिसला. बाहेर पाऊस पडत होता. मावशी चुलीजवळ बसून बाळ येशूला पदराने पुसत होती. झग्यावरचा चिखल निघाला होता, मुकुट कोरडा झाला होता. रात्री ती उठली, खिडकीतून बाहेर पाहिले तो विजेच्या उजेडात कुंपणाखाली बाळ दिसला. कुणी चुकून विसरले असेल असे वाटून ती अनवाणी बाहेर गेली आणि त्याला उचलून आत घेऊन आली. "पोराला पावसान ठेवतात का रं?" असे तिने मला विचारले. मी तिला प्रथा समजावून सांगू लागलो. तेवढ्यात लक्षात आले की कोपऱ्यातल्या खुर्चीवर आजीबाई बसल्या आहेत. केव्हापासून, कोण जाणे. त्यांची नजर मावशीच्या हातांवर खिळली होती.

"त्यांना सांगा," आजीबाई मला म्हणाल्या. चार दिवसांत त्या माझ्याशी प्रथमच बोलत होत्या. "या घरात बाळाला आत घेणारी बाई मी पहिल्यांदाच पाहते आहे."

मी ते भाषांतर करून सांगितले. अर्थ मलाही कळला नव्हता. मग त्यांनी सांगितले आणि मी वाक्यागणिक मावशीला मराठीत सांगत गेलो.

१९५६ साल. आजीबाई तेव्हा चौदा वर्षांच्या. त्यांची थोरली बहीण एकोणीस. लग्नाआधीच तिला दिवस गेले. एका संध्याकाळी गावचे धर्मगुरू गाडी घेऊन आले. याच स्वयंपाकघरात आईवडिलांशी अर्धा तास बोलले. बहिणीला आत बोलावले नाही. ती बाहेर कुंपणापाशी उभी होती, आणि पाऊस होता. मग तिला त्याच गाडीतून धर्मभगिनी चालवत असलेल्या एका माता-बालगृहात नेले. ती या घरी पुन्हा आली नाही. बाळंत झाल्यावर ती इंग्लंडला गेली आणि तिथेच वारली. मुलगा होता एवढेच कळले. त्याचे पुढे काय झाले ते कळले नाही. वडिलांनी तिचे नाव घ्यायचे नाही असे सांगितले, आणि कुणी घेतले नाही.

अशा गृहांबद्दल मी वाचले होते. आयर्लंडच्या शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२२ ते १९९८ या काळातील अठरा संस्थांची त्याने चौकशी केली होती. सुमारे छप्पन्न हजार माता, सत्तावन्न हजार मुले, आणि त्यांपैकी जवळजवळ नऊ हजार मुलांचा मृत्यू. पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. संस्था चालवणाऱ्या काही संघांनीही मागितली. हे सारे मी आमच्या निवासातल्या आरामखुर्चीत वाचले होते आणि 'फार वाईट झाले' असे म्हणून पान उलटले होते. तो अहवाल आला त्या आठवड्यापासून आजीबाईंनी चर्चमध्ये पाऊल टाकले नव्हते. "आज मी दारापर्यंत येईन," त्या म्हणाल्या. "बाहेर बाक आहे. नातवाला सांगितले आहे." आणि मग त्यांनी मला सरळ विचारले, "तुमच्या देशात अशी घरे होती का, फादर?"

"अशी नाहीत," मी म्हणालो. "निदान माझ्या माहितीत तरी नाहीत."

मावशीने मूर्ती चुलीजवळच्या फळीवर ठेवली. सकाळी व्याहीणबाई आल्या आणि कुंपणाखालचा बाळ जागेवर नाही हे पाहून घरात जो हाहाकार उडाला, तो एरवी मी सविस्तर सांगितला असता. पाऊस अकरापर्यंत पडला. मग थांबला. थांबला तो बाळ येशू आत असल्यामुळे की रात्री काही काळ बाहेर राहिल्यामुळे, यावर दोन्ही घरांत आजही मतभेद आहेत.

आयर्लंडच्या कायद्याप्रमाणे विवाहाची सूचना तीन महिने आधी नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि ज्याचे नाव शासनाच्या यादीत आहे त्यानेच लग्न लावायचे असते. परदेशी धर्मगुरूला तात्पुरती अनुमती मिळते, पण आम्ही तो खटाटोप केला नव्हता. नवरदेवाच्या गावच्या धर्मगुरूंनी वचने वदवून घेतली. मी बाजूला उभा. नवरी पांढऱ्या पोशाखात सुंदर दिसत होती. दोघांची उत्तरे स्पष्ट होती. अंगठ्यांवर दोन हातांनी धरलेले हृदय आणि वर मुकुट, ही गॉलवेजवळच्या क्लॅडा या कोळीवाड्याची जुनी घडण. कोळीवाड्याची म्हटल्यावर वहिनींना ती एकदम आपली वाटू लागली.

शुभवर्तमान काना गावच्या लग्नाचे होते. मी प्रवचनासाठी उभा राहिलो, खिशातील चार पाने काढली आणि समोर पाहिले. पहिल्या बाकावर मावशीची जागा रिकामी होती. मागचे दार उघडे होते, आणि त्यातून बाहेरच्या बाकाचे टोक आणि तांबड्या लुगड्याचा काठ दिसत होता. आत येतानाच ती माझ्या कानाशी म्हणाली होती, "फादर, ती बाय एकलीच बसलेय. मना तिच्याजवल बसाचा हाय." ज्या नातीच्या लग्नासाठी ती समुद्र ओलांडून आली होती, तिचे लग्न ती दाराबाहेरून ऐकत होती.

श्रद्धेचे दान परत आणल्याची वाक्ये मला पाठ होती. ती माझ्या तोंडातून निघेनात. द्राक्षारस कुठून आला हे भोजनकारभाऱ्याला ठाऊक नव्हते, पाणी भरणाऱ्या चाकरांना ठाऊक होते, एवढ्याच गोष्टीवर मी दोनचार मिनिटे बोललो, विहिरीच्या पाण्याबद्दल नवरीच्या आजीचे आणि व्याहीणबाईंचे आभार मानले आणि बसलो. मित्राने नंतर मला बाजूला घेतले. "एवढेच?" त्याच्या स्वरात निराशा होती. मी त्याला कारण सांगितले नाही. सांगायला हवे होते.

मेजवानीबद्दल थोडक्यात सांगतो. जेवणाआधी आणि जेवणात मिळून तासाभराची भाषणे झाली. मित्राने इंग्रजीत सुरुवात करून मराठीत शेवट केला आणि टाळ्या मराठीला अधिक पडल्या. नवरी तांबडे लुगडे नेसून आली. रांगा धरून नाचण्याच्या आयरिश नृत्यात वहिनींना ओढून नेले गेले आणि त्या हसतच परत आल्या. माझ्या शेजारी नवरदेवाचे एक काका होते. मेयोचा फुटबॉल संघ १९५१ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून परतत असता एका अंत्ययात्रेपाशी न थांबता जल्लोष करत पुढे गेला, म्हणून एका धर्मगुरूने त्यांना शाप दिला, अशी तिथे दंतकथा आहे. त्या दिवसानंतर मेयोने किती अंतिम सामने गाठले आणि गमावले, ते काकांनी बोटांवर मोजून दाखवले. बोटे अपुरी पडली. "तुम्ही बाहेरचे आहात, फादर," ते म्हणाले, "तुमच्याच्याने हा शाप निघेल का?" सारे टेबल हसले. मीही हसलो. आमच्या शब्दांना लोक कोणे एके काळी किती वजन देत होते, हा विचार मात्र त्या हसण्यात मिसळला होता.

वाचकहो, आता जे सांगायचे आहे ते सांगतो. काही तपशील मी हेतुपुरस्सर बदलले आहेत. आजीबाईंची हकीकत लिहिण्यास त्यांनी संमती दिली आहे. या दुसऱ्या व्यक्तीची मी घेऊ शकलेलो नाही, म्हणून ती ओळखू येईल असे येथे काही नाही.

दीक्षेनंतरची माझी पहिली काही वर्षे. मी एका उपनगरात सहायक धर्मगुरू होतो. एका रात्री एक आईवडील कार्यालयात आले. मुलगी अविवाहित, चौथा महिना. लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तिच्या पाठच्या बहिणींची लग्ने होणार नाहीत, असे आई रडत सांगत होती. मी त्यांना धीर दिला. चर्चच्या छापील कागदावर मुंबईबाहेरच्या एका संस्थेला पत्र लिहून दिले. मुलगी गेली, बाळंत झाली, बाळ दत्तक दिले गेले, ती परत आली. आईवडिलांनी माझे पाय धरले. या घटनेची गणना मी इतकी वर्षे माझ्या हातून घडलेल्या चांगल्या कामांत करत आलो होतो. संस्थेने तिला दयेने वागवले असेलही. मी चौकशी केली नव्हती. आणि ज्या रात्री मी ते पत्र लिहिले, त्या रात्री ती मुलगी कार्यालयाच्या दाराबाहेरच्या बाकावर बसली होती. तिला आत बोलवावे, तिचे काय म्हणणे आहे ते विचारावे, हे मला सुचले नव्हते. पत्र घडी करून मी तिच्या वडिलांच्या हातात दिले होते.

रात्री दहाच्या सुमारास आजीबाई हॉटेलच्या पायरीवर गार वारा घेत उभ्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "सकाळी मी तुम्हांला खरे उत्तर दिले नाही." मग हे सारे सांगितले. त्यांनी मधे एकदाही थांबवले नाही. शेवटी विचारले, "मुलगी जिवंत आहे का?" मी म्हणालो, आहे. "आणि बाळ?" मला माहीत नाही, असे मी म्हणालो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "आमच्या फादरनाही माहीत नव्हते," एवढे बोलून त्या आत गेल्या. त्यात क्षमा होती असे मी समजत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चहाचा कप माझ्या हातात स्वतः दिला, हे नोंदवून ठेवतो.

निघण्यापूर्वी नवरदेव आपल्या सासऱ्यांशी बोलला. मी तिथे होतो. तो म्हणाला, "मी दर रविवारी मिस्साला जातो असे खोटे सांगणार नाही. आजीला बाहेर ठेवून आत जाऊन बसणे मला जमत नाही. तुमच्या मुलीला मी कधी अडवणार नाही, आणि मुले झाली तर तिच्याबरोबर जातील. माझ्याकडून एवढेच वचन घ्या." माझ्या मित्राने नुसती मान हलवली. परतीच्या विमानात अर्ध्या वाटेवर तो मला म्हणाला, "मुलगा खरे बोलतो." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "पण मला काळजी वाटायची ती वाटतेच." त्याच्या शेजारी मावशी झोपली होती. सामानात संत पॅट्रिकच्या विहिरीच्या पाण्याची बाटली होती. बाटली मसाल्याच्या बाटलीतच भरलेली, त्यामुळे पाण्याला मिरचीचा वास लागला होता.

परतल्यावर मी त्या जुन्या धर्मग्रामात जाऊन पत्रव्यवहाराच्या वह्या पाहिल्या. त्या पत्राची प्रत ठेवलेली नव्हती. ठेवू नये असे त्या वेळी मीच म्हटले असण्याची शक्यता आहे. ती बाई आता पन्नाशीकडे झुकली आहे, दूरच्या एका उपनगरात राहते. तिच्या घरी जाऊन उभे राहण्याचा अधिकार मला नाही. तिच्या एका विश्वासू नातलगामार्फत मी निरोप पाठवला. तिला कधी काही विचारायचे असेल, बोलायचे असेल, किंवा मला काही ऐकवायचे असेल, तर ती सांगेल तिथे आणि सांगेल तेव्हा मी येईन, आणि संस्थेकडून काही माहिती हवी असेल तर त्यासाठी लागेल ते पत्र लिहीन, या वेळी तिने सांगितल्याप्रमाणे. निरोप पोहोचल्याचे कळले आहे. उत्तर अजून आलेले नाही.